कोमट अर्क

४ फेब्रुवारी
सर म्हणाले, डोकं थंड ठेवता येत नसेल तर निदान बर्फाची पेटी तरी थंड ठेव. ती हसली! कॉलेजात दोन वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर होती. मी प्राध्यापकाशी भांडून बाहेर पडलो, ती शिकत राहिली. आता या प्रयोगशाळेत ती नदीचा गाळ तपासते आणि मी तिच्या काचा धुतो. असू दे. रोज आठ तास दिसते तरी.

५ फेब्रुवारी
विचारलंच तिला — विष गाळात, मग उंदराचं यकृत कशाला लागतं? म्हणाली, नदीकाठच्या कारखान्यातून गाळात उतरलेला रंगाचा अंश नुसता गपगार पडून असतो. अंगात गेला की यकृत त्याला विरघळवून बाहेर काढायला बघतं, आणि त्या खटपटीतच तो पेशीच्या मुळावर उठतो. म्हणून बशीत जिवाणू, गाळ आणि यकृताचा अर्क, तिन्ही. जिवाणू बिघडले की ठिपके उगवतात. जितके ठिपके, तितकी कर्करोगाची भीती. "घाण बाहेरची, भडकू. धार आपलं अंगच लावतं."
भडकू म्हणाली!
घरी जेवताना हे सगळं सांगितलं. बाबा त्याच रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं. याच कारखान्यावर तू वाढलास, म्हणाले, आणि ताट सारून उठले.

९ फेब्रुवारी
सगळ्या बशा जवळजवळ कोऱ्या, आपोआप येतात तेवढेच वीसेक ठिपके. सर खूश — गाळ निर्धोक, अहवाल शुक्रवारी पाठवायचा.
निर्धोक कसला! परवा तिला फोन आला. हसत बोलत होती. मी दाराआड कान लावून, आणि अर्काची नळी तासभर बर्फाबाहेर. कोमट झालेला अर्क मेलेला. तोच तिच्या हातात दिला. मुद्दाम ठाऊक असलेलं विष घातलेली बशी, जिच्यात शेकडो ठिपके यायलाच हवेत, तीही तशीच निघाली. ती बशी हातून पडून फुटली असं सांगितलं मी.
गाढव.

१० फेब्रुवारी
बोललो नाही.

११ फेब्रुवारी
सांगितलं. सरांनी महिनाअखेर हिशेब करून जायला सांगितलं. तिने उरलेला मेलेला अर्क बेसिनात ओतला. मग म्हणाली, नवा अर्क काढू, पेटी तूच धरायची. आणि जाता जाता, "फोन आत्याचा होता."

१४ फेब्रुवारी
ठिपके! नुसत्या गाळाच्या बशीत एकवीस. अर्क घातलेल्या बशीत तीनशे बारा. तिने मोजले, मी लिहिले. पुन्हा मोजले. सरांनी भिंग मागितलं, बघितलं, जुना अहवाल फाडला. मला जायला सांगितलेलं मात्र मागे घेतलं नाही. नाही तर नाही. महिनाअखेरपर्यंत एकही नळी कोमट होणार नाही.

१५ फेब्रुवारी
बाबा कामाच्याच कपड्यांत प्रयोगशाळेच्या दाराशी. हातात बाटली, आत लालसर पाणी. म्हटलं, कुठल्या नाल्याचं?
"माझं आहे. दोन महिने लघवी अशीच होतेय. ही पण लाव."
आधी दवाखाना, म्हटलं. नाही म्हणाले नाहीत.
पेटीत बर्फ भरला. बाटली त्यात नीट उभी केली.