चौथा कोपरा उचलेना

मंगळवार, ९ जानेवारी

विकायला काढलं नवऱ्याने! मासेमारीचं घर! शेजारच्या रेनोला! मला विचारलंसुद्धा नाही.

"रेनोला सांगितलंय. महिनाअखेरपर्यंत बर्फावर गेलं नाही तर घेऊन जा म्हणालो." हे टीव्हीवरचं हवामान बघत. माझ्याकडे न बघता!

चाळीस हिवाळे हा माणूस ती लाकडी खोली गोठलेल्या तलावावर ओढत नेऊन, आत बसून बर्फातल्या भोकात गळ टाकत आलाय. नोव्हेंबरात पन्हळ साफ करायला शिडीवर चढला (चढू नकोस म्हटलं होतं, पण ऐकेल तर वर्लिन कसला) आणि खुब्याचं हाड मोडून बसला. डॉक्टर म्हणाले, यंदा ओढणं-उचलणं बंद. तेव्हापासून खुर्ची, टीव्ही, खुर्ची. जेवणात चव नाही, भांडणात तर मुळीच नाही.

घर गेलं तर हा त्या खुर्चीतून उठायचा नाही. एवढं मला कळतं. म्हणून घर मी नेणार. ट्रक चालणार नाही, त्याला पंधरा इंच बर्फ लागतो आणि यंदा दहाच इंच धरलाय. म्हणजे एटीव्ही, ती चार जाड चाकांची मोटारसायकल. चालवली आहे मी. पत्रपेटीपर्यंत.

बुधवार, १०

एटीव्ही घराला जोडली, गिअर टाकला. चाकं जागच्या जागी फिरली, मागे हिमाचा फवारा. घर ढिम्म! ज्या दोन वाशांवर ते घसरतं ते जमिनीला गोठून चिकटलेत. मग मला अक्कल सुचली. अकरा किटल्या उकळतं पाणी ओतलं. सुटत आलं होतं, पण अंधार पडला. उद्या बघू.

गुरुवार, ११

उणे बावीस. माझ्या अकरा किटल्यांचा दगड झालाय! आता वासे दुप्पट पक्के.

रेनो कुंपणापलीकडून इतका हसला की टोपी पडली. "आर्डिस, घराचं सूप करतेस का गं? शाळेत पण असंच करायचीस?"

तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली मी. ह्याची चारही पोरं माझं सूप पिऊन वाढलीत. म्हटलं, "हस बाबा. घर तुलाच मिळणार आहे ना."

तो टोपी झटकून म्हणाला, "मला नकोय गं ते. त्याला नाही म्हणवेना."

मग जॅक देऊन गेला आणि लाकडाचे ठोकळे. पहारीने बर्फ फोडायचा, एकेक कोपरा उचलायचा, खाली ठोकळा सरकवायचा. घर कधी नुसतं टेकवून ठेवायचं नाही म्हणे, बर्फावर तर नाहीच. चाळीस वर्षं ह्या तलावाकाठी राहून हे मला आज कळलं!

शुक्रवार, १२

गंमत आहे एक. तीन कोपरे एका हाताने उचलले गेले. चौथा, मागचा डावा, उचलेना! दांडीवर दोन्ही हात, वर पोट टाकलं, तेव्हा बोटभर हलला. पातेली उचलण्यात जन्म गेलाय माझा. रिकामं कुठलं आणि भरलेलं कुठलं हे मला सांगायला नको. त्या कोपऱ्यात काहीतरी आहे.

शनिवार, १३

आत गेले. सव्वीस वर्षांनी. बर्फावर त्या घरात पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेतली होती मी. अंगणात चालतं. शपथेचं कारण वर्लिनला माहीत आहे, मला माहीत आहे, कागदाला कशाला सांगू.

शेगडी, त्याची खुर्ची, गळ, कंदील. भिंतीवर बर्फात रोवायचे चार लोखंडी आकडे, कोरे करकरीत, पाकिटासकट! आणि चौथ्या कोपऱ्यात एक बाक. मी होते तेव्हा हे नव्हतं. वर्लिन सहा फूट तीन इंच आणि हे बाक ठेंगणं. बसून पाहिलं. माझे पाय जमिनीला टेकले! माझे पाय कधी कुठे टेकत नाहीत, चर्चमध्येसुद्धा लोंबतात. बाकाशेजारी खिळ्याला दुसरा कप.

हा तर एकटाच जातो म्हणे मासे धरायला. रेनो ह्याच्याहून उंच. मग हे कुणासाठी?

रविवार, १४

चर्चनंतर कॉफी. गळाच्या आमिषाचं आणि मासेमारीच्या परवान्यांचं दुकान चालवते ती फिलिस समोरच बसली होती. तिचेही पाय टेकत नाहीत. नीट वाकून बघितलं. "बाई, काही पडलं का तुमचं?" म्हणाली. ही पण माझ्याच शाळेतली! "नाही गं, बूट छान आहेत."

सहासष्टाव्या वर्षी हे धंदे! लाज वाटली. तरी घरी येईपर्यंत विचार तोच.

सोमवार, १५

सरळ विचारलं. "त्या बाकात काय आहे?"

"कुठल्या?"

"कुठल्या काय! ठेंगण्या बाकात. जड आहे ते."

"असू दे."

"अरे पण कशासाठी?"

"असू दे गं, आर्डिस." आणि आवाज वाढवला. टीव्हीचा.

ह्याच्या बापाने बायको वारल्यावरच कबूल केलं होतं की तिचा स्वयंपाक बरा होता. त्या घराण्यातला हा. ह्याच्या तोंडून सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे "वाईट नाही". आमच्या लग्नाच्या दिवशीही तेच म्हणाला होता.

मंगळवार, १६

वर्लिन खुब्याच्या व्यायामाला गेला, रेनो घेऊन गेला. मी पेचकस घेतला. बाकाला आठ स्क्रू, वर रंग फासलेला. झाकण उघडलं —

लोखंड! रेल्वेच्या रुळाखाली घालतात त्या जाड पट्ट्या. बावीस मोजल्या. प्रत्येक चिंधीत गुंडाळलेली, खणखणू नये म्हणून. एकेक सोळा-सतरा पौंडांची, म्हणजे साडेतीनशे पौंड तरी झाले. हे ओढायचं होतं माझ्या एटीव्हीने! वाऱ्याने घर सरकू नये म्हणून म्हणावं तर आकडे आहेतच की भिंतीवर. दुसरं काही नाही त्यात. पत्र नाही, फोटो नाही. (हो, बघितलं.)

सगळ्या पट्ट्या बाहेर काढून गॅरेजमागे रचल्या. चिंध्या तळाशी तशाच राहू दिल्या. आठ स्क्रू परत. वर्लिनला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा "असू दे" आणि घर जागच्या जागी.

चौथा कोपरा आता एका हाताने उचलतो!

शुक्रवार, १९

चाकांना साखळ्या बांधल्या. अंगणात सराव. हिसका द्यायचा नाही, दोर ताणला की हळू धरायचं. घर निघालं! वीस फूट गेलं! मी इतकी ओरडले की वर्लिन वॉकर घेऊन खिडकीत आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून उठला. बघत उभा राहिला. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

सोमवार, २२

नेलं!! मी नेलं!

रेनोने दोराऐवजी लोखंडी दांडा लावून दिला. काठाचा उतार आला तेव्हा कळलं का ते. घराला कुठला ब्रेक. दोर असता तर मागून येऊन मला चेपलं असतं. बर्फावर चालायच्या वेगाने. पळवलं तर म्हणे खालचं पाणी लाट धरतं आणि काठाशी बर्फ फुटतो. मध्ये एकदा बर्फाने केवढी डरकाळी फोडली, लांबच लांब चीर गेली! रेनो मागून ओरडला, "काही नाही, बर्फ धरतोय, चल चल!" मला मात्र उतरून ती चीर बघायची होती. कुठून येते, किती खोल जाते! उतरू दिलं नाही मेल्याने.

अर्धा मैल. चाळीस मिनिटं. वर्लिनच्या उंचवट्यावर, म्हणजे तलावाचा तळ जिथे वर येतो, पाणी अकरा फूट आणि वॉलाय मासे फिरतात, तिथे ठोकळ्यांवर टेकवलं. बोटं गारठून लाकूड झाली होती तरी आत गेले नाही. शपथ ती शपथ.

संध्याकाळी वर्लिन म्हणाला, "उंचवट्याच्या जरा पूर्वेला झालंय." मग पाच मिनिटांनी, "वाईट नाही."

बुधवार, २४

त्याला घसरगाडीत घालून एटीव्हीमागे नेलं. अंगावर तीन गोधड्या, मांडीवर लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, आणि लोणी. राजासारखा बसला होता आणि रस्ताभर सूचना. "डावीकडे घे. डावी कुठली ती विसरलीस का?" भांडतोय! देवा, भांडतोय!

दार उघडून म्हणाला, "येतेस का आत? गरम आहे."

"नको. काम आहे घरी." काही काम नव्हतं. त्याने मान हलवली आणि दार लावून घेतलं.

दुपारी दोन मासे. एक अठरा इंचांचा.

शुक्रवार, २६

काल ऊन पडलं. हिम सगळं विरघळलं आणि सकाळपर्यंत तलावाची नुसती काच झाली. वर्लिन तीन मासे घेऊन आला. रेनोला फोन केला. "घर विकायचं नाहीये. गैरसमज झाला तुझा." गैरसमज रेनोचा म्हणे!

शनिवार, २७



त्याला सकाळी सोडून आले. अकराला वायव्येचा वारा सुटला. दुर्बिणीतून सहज बघितलं तर घर उंचवट्यावर नव्हतं! ठोकळ्यांवरून उतरून काचेवरून निघालं होतं, नदीच्या तोंडाकडे, जिथे पाणी कधीच गोठत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत हेच झालं होतं. आत मी होते, एकटी. वर्लिन बाहेर भोक पाडत होता. मांडीवर कॉफी सांडली, शेगडी आडवी आणि खिडकीतून तलाव पळताना दिसतोय. त्याने धावत येऊन दाराची साखळी धरली आणि फरफटत आला, तेव्हा थांबलं. पाण्यापासून शंभर पावलांवर. तेव्हाची ती शपथ.

एटीव्ही कशी काढली आठवत नाही. लाटेबिटेचा विचार केला नाही. वाऱ्याच्या बाजूने गाठलं, चालता चालता पट्टा अडकवला आणि ब्रेक दाबून बसले. साखळ्यांनी बर्फ खरवडत आम्ही सगळेच थोडे गेलो. थांबलो.

दार उघडून आत घुसले. वर्लिन खुर्चीत, एका हाताने शेगडी धरलेली, तोंड पांढरं. हात लांब करून बाकावर थाप मारली. ते पोकळ वाजलं.

"काढलंस?"

"काढलं."

"हं."

"आकडे का नाही रोवलेस?"

"लागत नव्हते."

रडले मी. जवळजवळ जीवच घेतला होता त्याचा मी माझ्या हुशारीने. ओरडलेही. "सांगायला काय झालं होतं? विचारलं नव्हतं का मी?"

"बस," म्हणाला. बसले त्या बाकावर. पाय जमिनीला टेकले. त्याने खिळ्यावरचा कप काढला, फुंकून धूळ उडवली, कॉफी ओतली. कप कोरा होता. वापरलेलाच नव्हता कधी कुणी.

रेनो येऊन आकडे रोवून गेला. घरी आल्यावर वर्लिन लवकर झोपला. मी जागीच.

रविवार, २८

चर्चला गेले नाही. बावीस पट्ट्या एटीव्हीवरून चार फेऱ्यांत परत नेल्या. रचायच्या आधी तळाच्या चिंध्या नीट घालाव्या म्हणून उचलल्या. त्यातली एक माझ्या निळ्या फ्लॅनेलच्या गाउनची. खाली लाकडावर पेन्सिलीने, त्याच्या वाकड्या अक्षरात —

"आर्डिसची जागा. आता हलणार नाही. मार्च ९८."

सव्वीस हिवाळे हे ओझं ओढून नेलं आणि ओढून आणलं. एकदाही बोलला नाही!

उद्या फिलिसकडे जाऊन माझा मासेमारीचा परवाना काढते.