नकाशावरचा मुंजोबा

तीर्थरूप बाबांना,
खराडीहून पूर्णिमाचा नमस्कार.

मी मजेत आहे, डबाही बरा मिळतो. आईचा गुडघा कसा आहे?

फोन शंभूकाकांच्या घरी, म्हणून पत्र लिहितेय. तेलाच्या पाइपलाइनविरुद्ध तुम्ही दोघं भाऊ मांडवात बसलात, असं कळलं. बाबा, त्या लाइनचे नकाशे आमच्याच ऑफिसात होतात. परवा आपलं शिवार माझ्याच कॉम्प्युटरवर आलं. रेघ थेट आपल्या विहिरीवरून होती.

देऊळ आडवं आलं की रेघ वळवायची, असा नियम आहे. मी विहिरीजवळच्या शेंदूर फासलेल्या मुंजोबाच्या दगडाला ‘देऊळ’ लिहून टाकलं. रेघ वळली, आणि काकांच्या विहिरीवर गेली. आधी बघायला नको का मी?

तुमचं म्हणणं पटतं. मग स्कूटीत पेट्रोल भरते, तेव्हा ‘तेल तर लागणारच’ म्हणणाऱ्या आमच्या साहेबांचंही पटतं. आपलं विहिरीवरचं इंजिन तरी कशावर चालतं? मला काहीच सुधरत नाही.

महिनाअखेरीस नकाशा पुढे जाईल. देऊळ ठेवू की खोडू, तेवढं कळवा.

आणि नेहमीसारखं हे पत्र मांडवात मोठ्याने वाचू नका. काका तुमच्याच सतरंजीवर बसलेले असतील.

तुमची,
पूर्णिमा