तुझ्या गेटबाहेरून

ती. स्व. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून दुखतो, त्यामुळे आठातली दोन अंगं बाकी राहिली, ती भेटीत.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या डोळ्यांचं काय झालं? नवा नंबर लागला का? लागला असेल तर चष्मा लावूनच वाच, कारण अक्षर रागातलं आहे. दाजींचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेलच. हे पत्र त्यांच्या हाती पडलं तर ते आटोक्यात राहणार नाही, म्हणून तू एकटीनंच वाच आणि मग अशा जागी ठेव जिथे दाजी स्वतःहून कधी हात घालत नाहीत, म्हणजे स्वयंपाकघरात कुठेही.

मागे फोनवर तू सहज विचारलंस, की तुझ्या ट्रकांवरचे ड्रायव्हर सारखे सोडून का जातात, त्या लोकांना मालकाकडून हवं तरी काय? ताई, तू सहज विचारलंस, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण हाच प्रश्न मी वर्षभर ज्याला त्याला विचारत सुटलोय. मी या लोकांसाठी काय नाही केलं? भिंतीवरची घड्याळं वाटली, मधोमध माझा फोटो असलेली. (फोटोत मी हसतोय. फोटोवाल्यानं हसायला लावलं.) थोड्या दिवसांनी बघतो तर निम्मी घड्याळं यार्डातल्या शेडमध्ये एकावर एक रचलेली. का, तर म्हणे शेठ, आम्ही घरी असतो कधी भिंत बघायला? मग टोप्या दिल्या, लालभडक, वर कंपनीचं नाव. मग ड्रायव्हरांचा सन्मान सोहळा ठेवला. हॉल घेतला, खुर्च्यांना कव्हरं घातली, आणि नेमके त्याच दिवशी सगळेच्या सगळे ड्रायव्हर गाडीवर, कारण काही झालं तरी माल वेळेत पोचला पाहिजे असं मीच आदल्या दिवशी बजावलं होतं. खर्च तर झालेला. शेवटी ऑफिसातल्या लोकांनीच एकमेकांचे सत्कार करून घेतले आणि टायपिंग करणाऱ्या बाईंना ‘उत्कृष्ट चालक’ म्हणून ढाल मिळाली. त्यांना सायकलही येत नाही. त्यानंतर सूचनापेटी लावली. उघडली तेव्हा आत चॉकलेटचा एक कागद निघाला, तोही माझ्याच सुपरवायझरचा. एवढं करून हे लोक जातात ते जातातच, आणि जाताना धड भांडतही नाहीत. भांडले असते तर मला दोन शब्द सुनावता तरी आले असते.

आमच्याकडचा सगळ्यात जुना ड्रायव्हर तुला ठाऊक असेल, कारण त्याच्या बऱ्याच खेपा तुमच्याच घराखालच्या गोदामात असतात. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो गाडीचा भोंगा वाजवत नाही आणि स्वतःचाही वाजवत नाही. बाकीचे ड्रायव्हर त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. (मालक मी, पण गाडी बंद पडली की फोन त्याला.) तर हा भोंगा एके दिवशी आला आणि ट्रकची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, पुरे झालं शेठ. हा गेला की त्याच्या मागोमाग सगळे जाणार आणि मला यार्डातल्या ट्रकांमध्ये कोंबड्या पाळाव्या लागणार. मी म्हटलं, अरे बाबा, तुला हवंय काय ते एकदा तोंडानं सांग. तो म्हणाला, सांगून कळायचं असतं तर आतापर्यंत कळलं असतं, एकदा सोबत चला. मी म्हटलं चल, आत्ताच चल! (रागात माणूस फार वेगानं हो म्हणतो.) त्याची खेप तुमच्याकडचीच होती. निघताना तो एवढंच म्हणाला, की मुलीला परगावी नर्सची नोकरी लागली आहे, संध्याकाळच्या गाडीनं ती जाणार, तिला बसवून द्यायला पोचलं पाहिजे. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, वेड्या, माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरचं गोदाम आहे ते, तासाभरात मोकळे होऊ. शब्द दिला, ताई. तुझ्या जिवावर दिला.

आता पुढचं ऐक. तुमच्या गेटमधून मी माझ्या गाडीनं किती वेळा आलोय. काच खाली करावी लागत नाही, तुमचा तो मिशीवाला वॉचमन उभ्यानंच सलाम ठोकतो. त्या दिवशी ट्रकच्या केबिनमधून आलो, तर त्याच मिशीवाल्यानं हातानंच ‘बाजूला लाव’ अशी खूण केली आणि पाठ फिरवली. मी उतरून त्याच्याकडे गेलो. डोक्यावर ती लाल टोपी होती. (ऊन फार होतं. आणि टोपी चांगली आहे, मी स्वतः निवडली आहे.) म्हटलं, मी साहेबांचा मेहुणा. तो म्हणाला, रोज एखादा मेहुणा येतोच, काल तर जावई आला होता. आणि कडी लावून घेतली! दाजींना फोन लावला, तर बंद. तुझा लावला, तो तुझ्या पर्समध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यात वाजत असणार. मग आम्ही बसलो. केबिन तव्यासारखी तापलेली. बाहेर सावलीला एक झाड नाही. (झाड होतं. ते दाजींनी पार्किंगसाठी तोडलं, आणि आता तिथे पत्र्याखाली दाजींची गाडी सावलीत उभी असते. तिला ऊन सोसत नाही.) बसायला बाक नाही, प्यायला पाणी नाही, आणि नंबर कधी लागणार असं विचारलं की वॉचमन आकाशाकडे बघतो. आत हमाल रिकामे बसलेले मला दिसत होते. पण ज्यांनी कागदावर सही करायची ते जेवायला गेले होते, आणि जेवून आले ते चहाला गेले.

यानंतर जे घडलं ते थोरल्या बहिणीला लिहिणं शोभत नाही, पण लहानपणी माझ्या चड्ड्या तूच बदलल्यास, तेव्हा लिहितो. गेटच्या फटीतून तुमचा संडास दिसत होता. स्वच्छ, पांढऱ्या फरशीचा, दारावर पाटी: ‘बाहेरच्यांनी वापरू नये’. मी वॉचमनची विनवणी केली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसे अक्षरशः हात जोडले. तो हलला नाही. भोंग्याला विचारलं, तुम्ही लोक करता तरी काय? त्यानं मागच्या टायरकडे बोट दाखवलं. ताई, तुझ्या लग्नात दाजींच्या अख्ख्या खानदानाला ज्यानं ताटावरून उठू न देता आग्रह करकरून वाढलं, त्या तुझ्या भावाला दाजींच्या भिंतीकडे तोंड करून टायरामागे उभं राहावं लागलं, आणि रस्त्यानं शाळेची बस गेली. परत आलो तो तणतणतच. ही काय माणसं म्हणायची, असं बरंच काही बोललो. भोंगा शांतपणे म्हणाला, आपल्या यार्डातल्या संडासालाही कुलूपच असतं, शेठ. (त्याचं कारण वेगळं आहे. तिथे घाण होते. दाजींचंही हेच म्हणणं असेल, पण त्यांचं चूक आहे.)

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण भोंग्याचा फोन सारखा वाजत होता. शेवटी त्यानं तो माझ्या हातात दिला. पलीकडे आमचाच सुपरवायझर. कुठे लोळत पडलायस, गाडी रिकामी व्हायला एवढा वेळ लागतो का, फुकटचा पगार हवा तुम्हाला, अशी सरबत्ती. वाक्यं फार ओळखीची वाटली. मग लक्षात आलं, की त्याला कामावर घेतलं तेव्हा ती मीच शिकवली होती, नाहीतर हे लोक डोक्यावर बसतात म्हणून. मी कोण बोलतोय ते सांगितल्यावर त्यानं फोनच ठेवून दिला.

ऊन उतरलं. भोंगा ट्रकच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि त्यानं घरी फोन लावला. मी ऐकत नव्हतो, पण ऐकू आलं. तू नीघ, म्हणाला. पाणी घेतलंस ना? खिडकीची जागा बघ. पोचलीस की कळव. मग फोन खिशात ठेवून त्यानं ताडपत्रीची दोरी सोडली, गुंडाळली, परत सोडली आणि परत गुंडाळली. तासाभरात मोकळे होऊ म्हणणारा मी तिथे टोपी घालून उभा. मला राग आला होताच, ताई, पण त्याआधी लाज वाटली.

आणि त्याच वेळी दाजी बाहेर आले! मला वाटलं, देव पावला. मी हसून पुढे झालो. दाजींनी गाडीची काच खाली केली, टोपीकडे बघितलं आणि म्हणाले, ए, ट्रक मागे घे, रस्ता अडवलायस. तोंडाकडे बघितलंच नाही. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर पत्ते खेळले त्याच्या! आता मी काय करायला हवं होतं? टोपी काढायला हवी होती, दोन शब्द सुनावायला हवे होते. मी काय म्हणालो माहीत आहे? ‘हो साहेब’ म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. भोंग्यानं ट्रक मागे घेतला, दाजी गेले आणि आम्ही पुन्हा बसलो. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? ज्याचं जळतं त्यालाच कळतं हेच खरं.

असो. फार लिहिलं. मुलांना आशीर्वाद सांग, दाजींना नमस्कार सांग (या वेळेपुरता अर्धाच), आणि डोळ्यांना जप.

तुझा,
भाऊ (वॉचमनच्या मते नव्हे)

ता. क. : मागण्यासाठी म्हणून हे पत्र लिहायला घेतलं नव्हतं, पण आता कागद शिल्लक आहे म्हणून लिहितो. बाहेरच्या बाजूला एखादा संडास आणि पाण्याचा नळ, सावलीला पत्रा, त्याखाली बाक, आणि गाडी कधी रिकामी होईल ते आधी सांगून ती तेव्हाच रिकामी करणं. बस. वर्षभर मी ‘काय हवंय, काय हवंय’ म्हणून ओरडत होतो ते एवढंच आहे, आणि त्यातलं निम्मं माझ्याकडे नसून तुझ्याकडे आहे.

दुसरा ता. क. : हे मी सांगितलं असं दाजींना कळू देऊ नकोस. वर्षाचं काँट्रॅक्ट सहीला आलंय. तुलाच सुचलं म्हण. ‘हो साहेब’ म्हणणारा टोपीवाला कोण होता, तेही नको.

तिसरा ता. क. : आमच्या यार्डातलं कुलूप आज सकाळी काढलं. किल्ली सुपरवायझरलाही सापडेना, म्हणून हातोड्यानं तोडलं. साफसफाईला माणूस ठेवलाय. हे इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, नाहीतर घड्याळं वाटलीच नसती.

शेवटचा ता. क. : भोंगा किल्ली परत घ्यायला तयार नव्हता. हातापाया पडून आणखी एका खेपेपुरता राजी केलाय. म्हणाला, जातो, पण संध्याकाळी घरी जेवायला पोचलो नाही तर उद्यापासून माझी वाट बघू नका. ही खेप तुमच्याकडचीच आहे. पत्र त्याच्याच हाती दिलंय, वॉचमननं ते तुझ्याकडे वर पाठवलं असेल. पत्र लांबलं हे मला कळतंय, पण राग होता, काय करणार. आता ऊठ आणि खिडकीतून खाली बघ, ताई. तू हे सगळं वाचत बसलीस तेवढा वेळ तो तुझ्या गेटबाहेर उभा आहे.