वडिलांच्या गाडीची खटखट

मी, जुन्या गाड्या दुरुस्त करणारी, गल्लीत ‘गॅरेजवाली आत्या’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. आज मी फार आनंदात आहे, आणि हे वाक्य वकीलबाईंनी कृपया खोडू नये.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि गॅरेज माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. तिने आधी गॅरेजचे गळके छत बदलावे.

२. सर्व हत्यारेही तिलाच. लांब स्क्रू-ड्रायव्हर जपावा. त्याचे टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली की आवाज नेमका कुठला ते कळते. त्याने डबे उघडणाऱ्याला वारस समजू नये.

३. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला काहीही देऊ नये. कारण त्याला माहीत आहे.

४. वडिलांची गाडी. सकाळी वकीलबाई आल्या तेव्हा ती भंगारात द्यायची, असेच लिहायचे ठरले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्या इंजिनात खटखट सुरू झाली आणि ऑइलच्या मीटरचा काटा शून्यावर गेला. भिंतीपलीकडे गॅरेज असलेला माझा दादा तेव्हा म्हणाला, “इंजिनच्या आतलं बेअरिंग गेलं. काटा बघ की!” मी म्हटले, “काटा खोटं बोलतोय. आवाज बाहेरचा आहे.” शब्दाने शब्द वाढला. त्याने बोलणे टाकले, मी रागाने गाडीवर कापड टाकले. वर्षे गेली. मला त्याची फार आठवण यायची, हेही लिहून ठेवते.

आज म्हटले, गाडी भंगारात जाण्याआधी एकदा तिचा आवाज ऐकू. नवी बॅटरी जोडली, बाहेरचे भाग फिरू नयेत म्हणून फॅन बेल्ट काढून इंजिन चालू केले आणि काय सांगू, खटखट गायब! बेल्ट फिरवणारी पुढची पुली सैल होती, बेल्टच्या ओढीने हलून ठोके देत होती, बस्स! ती आवळली, बेल्ट चढवला, तरी आवाज नाही. मग मीटरपर्यंत ऑइल नेणारी नळी तपासली, तर ती चेपलेली. नवी बसवताच काटा टुणकन वर! मी जागच्या जागी नाचले. वकीलबाई साक्षीला आहेत.

मी भिंतीवर पाना आपटून ओरडले, “दादा, ये लवकर!” तो आला. गाडीत बसला. बराच वेळ स्टिअरिंग धरून नुसता ऐकत राहिला.

सबब सदर गाडी दादाला द्यावी.

५. दुरुस्ती. वरील ओळ वाचून दादा म्हणाला, “साक्षीदार म्हणून सही मी करणार.” वकीलबाई म्हणाल्या, “ज्यांना गाडी मिळणार, त्यांना साक्षीदार होता येत नाही. काय ते एक ठरवा.” दादाने माझ्या हातातले पेन काढून घेतले. “मग गाडी पोरीला दे. मला सही करायचीये.”

म्हणून गाडीही भाचीला.

ठिकाण: माझे गॅरेज, गाडीचे बॉनेट.
दिनांक: वकीलबाई घालतील. मला आज काही सुचत नाही.

लिहून ठेवणार: गॅरेजवाली आत्या (सही)

साक्षीदार: समोरचा शिंपी (सही)

साक्षीदार: दादा (सही). माझ्या हस्ताक्षरात लिहितो की, मी गाडीत बसून ऐकले. खटखट नाही. काटा जागेवर आहे. बहीण तेव्हाही बरोबर होती.