घड्याळ बघायला चारशे बारा डॉलर

प्रिय ओनीडा,

जिंकलो गं आपण. अकरा विरुद्ध नऊ. निर्दोष कैद्यांचे खटले पुन्हा तपासणारा आपला आयोग बंद होत नाही, त्याचे पैसेही कापले जात नाहीत. चर्चची अख्खी बस भरून आम्ही राजधानीला गेलो होतो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी अर्थसमितीपुढे बोलले आणि माझा आवाज एकदाही कापला नाही.

गुलाबी टायवाला एक सिनेटर होता. चष्मा नाकावर ठेवून त्याने आयोगाचा खर्च वाचायला घेतला. वर्षाला सोळा लाख डॉलर, आणि इतक्या वर्षांत सुटली किती माणसं, तर चौदा. म्हणाला, "लोकांच्या पैशानं डोंगर पोखरायचा आणि उंदीर काढायचा, असला कारभार आहे हा." मग त्याला एक ओळ सापडली. प्रवासखर्च, ओहायो, चारशे बारा डॉलर. "कशासाठी, माहितीये? एका म्हातारीच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ बघायला." सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ती म्हातारी म्हणजे तू, आणि तू माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेस.

माझी पाळी आली. बोलायला दोन मिनिटं होती. तुला सगळं ठाऊक आहेच, पण मी कसं सांगितलं ते ऐक. म्हटलं, साहेब, त्या रविवारी पहाटे, दरवर्षी हिवाळ्याआधी होतं तसं, देशातली घड्याळं तासभर मागे गेली. माझ्या बहिणीच्या घरी घड्याळं लावायचं काम तिच्या नवऱ्याचं, लूशसचं, आणि तो इस्पितळात. तिचं घड्याळ तसंच पुढे राहिलं. माझा लेमार रात्री सव्वाआठला मावशीकडे जेवायला पोचला, तेव्हा तिच्या भिंतीवर सव्वानऊ वाजले होते. खून झाला साडेआठला, गावाच्या दुसऱ्या टोकाला. लेमार म्हणाला सव्वाआठ, मावशी शपथेवर म्हणाली सव्वानऊ, आणि माझा पोरगा खोटा ठरला. तिच्याच जबानीत होतं की तो आला तेव्हा रेडिओवर आठची प्रार्थना चालू होती. ते कोणाला खटकलं नाही. सोळा वर्षांनी आयोगाच्या एका मुलीला खटकलं, आणि ती बहिणीचं ते घड्याळ बघायला ओहायोला गेली.

मग म्हटलं, "सोळा वर्षं त्याला आत ठेवायला किती मोजलेत, ती ओळ तुमच्या कागदावर दिसत नाही. आणि तो उंदीर मागच्या रांगेत बसलाय. लेमार, उभा राहा बाळा."

तो उभा राहिला. कोणी हसलं नाही. एक बाई सिनेटर डोळे पुसत होत्या, त्यांचं मत आपल्याला पडलं. परतताना बसमध्ये तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव संपेपर्यंत सगळ्या बायका गात होत्या. पाद्रीबाई तर इतक्या बेसूर की ड्रायव्हर म्हणाला, "खटला तुमच्यावरच भरायला हवा."

पण ही बातमी तू टीव्हीवर पाहिलीच असशील. लेमार मार्चमध्ये सुटल्यापासून मी फोन करतेय आणि तू उचलत नाहीस. तुला लाज वाटतेय, हे मला कळतं. पण ओनीडा, कोर्टात तू तुला दिसलं तेच सांगितलंस. मी मात्र जाणूनबुजून वागले. तुझ्याशी बोलणं टाकलं, चर्चमध्ये बायकांना तुझ्याशेजारी बसू दिलं नाही, गाव सोडायला लावलं. लूशस गेला तेव्हा त्याच्या मातीलाही आले नाही. त्या दोन मिनिटांत मी सगळ्यांचा खर्च मांडला, फक्त हा सोडून. मला माफ कर.

पाकिटावर तिकीट नाही, पाहिलंस ना? लेमारने ते स्वतः तुझ्या दाराखालून सरकवलंय. तुझं वाचून होईपर्यंत बेल वाजवणार नाही म्हणालाय. पायरीवर बसला असेल, आणि रात्रभर गाडी चालवून पोटात काही नसेल. आधी त्याला आत घे, मग रड.

तुझीच थोरली,
वर्लीन