त्रिकोणाखालची पट्टी

बुधवार, संध्याकाळ, अंधेरी

चार दिवस वही उघडली नाही. उघडली की प्रसादच्या परीक्षेबद्दल लिहावं लागणार, म्हणून टाळत होतो.

विमान दुरुस्तीचा कोर्स आम्ही एकत्र सुरू केला. मी वर्षभरात सोडला, तो टिकला. उद्या त्याची तोंडी परीक्षा. आज त्याने मला हँगरवर, विमानं ठेवतात त्या शेडमध्ये, नेलं. चहा मात्र झकास होता तिथला. छोट्या विमानातल्या जुन्या डायल काढून दोन स्क्रीन बसवलेत. ढगात उडायचं तर नियमातलं प्रत्येक उपकरण त्या स्क्रीनवर सापडायला हवं. हा एकेक दाखवत होता, विमान बापाचं असल्यासारखा. जळलो मी, खोटं कशाला लिहू?

"सेकंदाचं घड्याळ हे बघ, आकड्यांचं असलं तरी नियमात चालतं. आणि वळताना विमान घसरतंय का ते सांगणारी गोळी..." तिथे अडकला. "च्यायला, गोळी कुठे गेली रे?"

मला माहीत होतं. कोर्स सोडल्यापासून मी सिनेमाचे सेट रंगवतो; मढला शूटिंगसाठी खोटं कॉकपिट रंगवलं, तेव्हा ती खूण मीच ब्रशने रेखाटली होती. स्क्रीनवर आता गोळी नसते, तिच्या जागी वरच्या त्रिकोणाखाली छोटी पांढरी पट्टी असते. विमान घसरलं की पट्टी बाजूला सरकते.

"मला काय विचारतोस, मी तर पळपुटा ना," म्हटलं. तो हसला.

ती पट्टी डोळ्यांसमोरून जात नाहीये. उद्या हेच विचारलं तर? विचारू देत. नको, विचारू नये.

आई हाक मारतेय. मी कोर्स सोडल्यापासून जो कधी घरी फिरकला नाही, तो प्रसाद दारात उभा आहे. अभ्यास तुझ्याबरोबरच करायचा म्हणतोय.