दोन कॅमेऱ्यांच्या जागा

स्प्लिट, बुधवार

लाडक्या नेवेन्काताई,

काल दुपारी कॉम्प्युटरवर चर्च उभं राहिलं आणि मी आडवा झालो. तब्येत ठीक आहे, जेवतोय. बाबांचा गुडघा कसा आहे?

फोटो जुळवून कॉम्प्युटर भिंती उभारतो, शिवाय प्रत्येक फोटो कुठून काढला तेही दाखवतो. आतून फोटो काढायला मी माझ्या येल्काला उजवीकडून पाठवलं, आमच्या मदतनीस पोराला, दुयेला, मुद्दाम डावीकडून. तरी दोघांच्या खुणा सगळीकडे वीतभर अंतरावर!

“एवढं चिकटून?” मी विचारलं.

येल्का हसली. “वारा होता रे, फ्राने! कॉलेज सोडलंस, मास्तरकी नाही सुटली.”

चर्चच्या आत वारा कुठला, ताई?

रागाने दुयेचे फोटो काढून टाकले, तर छतच गेलं. मुकाट्याने परत घातले. मग त्या दोघांना तिथेच सोडून बाहेर पडलो आणि दार आपटलं.

आईला हे वाचून दाखवू नकोस.

तुझा फ्राने